‘इतकी मुले?’ या प्रश्नासमोर वाणीचे तप

‘इतकी मुले?’ हे दोनच शब्द आहेत. विचारणारी व्यक्ती ते विचारून पुढे निघून जाते आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही जाते. पण ज्या आईला ते विचारले जातात, तिच्या मनात ते दिवसभर फिरत राहतात. भांडी घासताना तिला उत्तर सुचते, रात्री मुलांच्या अंगावर पांघरूण घालताना आणखी एक सुचते. या दोन शब्दांना इतर नातेवाईकही आहेत. ‘एकच? त्याला भावंड नको?’ ‘दोघी मुलीच का?’ ‘गोड बातमी कधी?’ प्रश्न वेगवेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. दुसऱ्याच्या घरातील माणसे मोजण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे आपण गृहीत धरलेले असते.

आज आपण यांतील पहिल्या प्रश्नाचा विचार करू, आणि तो एका कॅथलिक कुटुंबाच्या बाजूने करू. कारण तीन-चार मुले असलेल्या कॅथलिक जोडप्याला हा प्रश्न दुहेरी धारेने विचारला जातो. एक धार संख्येची आणि दुसरी धर्माची: ‘तुमच्यात ऑपरेशन चालत नाही ना?’ अशा वेळी शांत, सभ्य आणि तरीही खरे उत्तर कसे द्यावे? आणि त्या सभ्यतेची किंमत नेमकी कोण चुकवतो?

मोजण्याची सवय कुठून आली?

मराठी घरांत वाकून नमस्कार करणाऱ्या सुनेला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद देण्याची रीत होती. त्याच घरांतून दोन-तीन पिढ्यांत ‘आता दुसऱ्यानंतर थांबा हं’ असा सल्ला येऊ लागला. हा बदल आपोआप झालेला नाही. र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. वारंवारच्या बाळंतपणांनी झिजणाऱ्या स्त्रीला आपल्या शरीराबद्दल बोलता यावे, ही त्यामागची तळमळ होती, आणि त्यासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. लाल त्रिकोण आणि ‘हम दो, हमारे दो’ गावागावांतील भिंतींवर पोहोचले. या प्रयत्नांनी असंख्य मातांचे कष्ट हलके केले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

परंतु सल्ल्याची सक्ती व्हायला फार वेळ लागत नाही. आणीबाणीच्या काळात, 1976-77 या एका वर्षात, देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अमलात आले नाही. पुढे 2001 पासून महाराष्ट्रात दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्यांना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत अपात्र ठरवण्याची तरतूद लागू झाली, आणि 2005 मध्ये शासकीय नोकरीसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे नियम आले. अशा वातावरणात वाढलेल्या मनाला ‘दोन’ हा आकडाच शहाणपणाची खूण वाटू लागला, तर नवल नाही. शासनाने धोरण ठरवावे, त्यावर लोकांनी चर्चा करावी, हे योग्यच आहे. मात्र आपण शेजारी आहोत, शासन नाही. शेजाऱ्याच्या दारात उभे राहून धोरण राबवण्याचे काम आपल्याला कोणी दिलेले नाही.

भिलाईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 1959 साली येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. विदर्भातून मराठी कुटुंबे आली, केरळमधून ख्रिस्ती कुटुंबे आली, आंध्र, बंगाल, पंजाब, सगळीकडून लोक आले. काका, मावशी, आजी मागे गावी राहिल्या. येथे शेजारीणच मावशी झाली. बाळंतिणीला डिंकाचा लाडू तिनेच आणून दिला, ताप आलेल्या मुलाला घेऊन रात्री दवाखान्यात तीच धावली. म्हणून मोहन नगरमधील एखाद्या मावशीने ‘अगं, इतकी मुलं?’ असे विचारले, तर त्यात चौकशी असते, क्वचित टोमणाही असतो, पण पुष्कळदा काळजीही असते. ‘हिच्या अंगावर हे ओझे झेपेल का?’ हा तिच्या मनातला खरा प्रश्न असू शकतो. तो तिला नीट विचारता आलेला नसतो, एवढेच. उत्तर देण्यापूर्वी समोरचा शब्द कुठल्या झऱ्यातून आला आहे, हे पाहण्याची सवय लावावी.

कॅथलिक घरात काय ठरते?

आपल्यापैकी अनेकांना वाटते की अधिक मुले व्हावीत अशी कॅथलिक धर्माची आज्ञाच आहे. हा समज बरोबर नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली सांगितले की मुलांविषयीचा निर्णय शेवटी पती-पत्नींनीच देवासमोर घ्यायचा आहे. तो घेताना त्यांनी स्वतःचे आणि मुलांचे हित, घराची परिस्थिती आणि समाजाचे भले यांचा विचार करावा. पोप सहावे पॉल यांनी 25 जुलै 1968 रोजी काढलेल्या परिपत्रकात कृत्रिम साधने नाकारली, पण जबाबदार पालकत्वाचा आग्रह कायम ठेवला. उदार मनाने अधिक मुले स्वीकारणे आणि गंभीर कारण असल्यास नवे मूल नको असे ठरवणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी त्या जबाबदारीत धरल्या. नैसर्गिक संयमाचा मार्ग त्यांनी मोकळा ठेवला.

जानेवारी 2015 मध्ये पोप फ्रान्सिस मनिलाहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलले. चांगला कॅथलिक असण्यासाठी सशांसारखे व्हायला हवे असे नाही, असे ते सहज म्हणून गेले. त्यांचा रोख जबाबदार पालकत्वाकडे होता. पण ती उपमा जगभर पसरली आणि मोठ्या कुटुंबांतील कितीतरी आईवडिलांना ती लागली. दोनच दिवसांनी, 21 जानेवारीच्या सभेत, त्यांनी मुलांना देवाची देणगी मानणाऱ्या मोठ्या कुटुंबांचे मनापासून कौतुक केले आणि गरिबीचा दोष अधिक मुलांवर टाकणे चुकीचे आहे, असेही सांगितले. मनात माया असूनही शब्द कसा बोचू शकतो, आणि बोचलेला शब्द पुन्हा बोलून कसा मऊ करता येतो, हे आपण या प्रसंगातून शिकावे.

‘तुमच्यात’ हा शब्दही जपून वापरावा. वसईच्या पट्ट्यातील कॅथलिक समाज शतकानुशतके मराठी आणि सामवेदी बोलत आला आहे. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 सालचे आहे. हे लोक आपल्याच भाषेच्या अंगणात वाढलेले आहेत. आणि आकड्यांचेच बोलायचे, तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ख्रिस्ती स्त्रियांचा एकूण प्रजनन दर 1.88, तर हिंदू स्त्रियांचा 1.94 आहे. म्हणजे एका घरातील चार मुले पाहून सगळ्या समाजाबद्दल मत बनवणे चुकीचे ठरते. तरीही या आकड्याचा आधार फार घेऊ नये. दर कितीही असता, तरी त्या घरातल्या चौथ्या मुलाचे मोल कमी झाले नसते.

आळंदीची ताटी

मुलांच्या जन्मावरून समाजाने एखाद्या घराला किती बोल लावावेत, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले आणि त्यांना चार मुले झाली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. ‘संन्याशाची पोरे’ म्हणून समाजाने त्यांना दूर लोटले. आज आपण ज्यांच्या नावाने दिंडी काढतो, ती चारही भावंडे तेव्हाच्या लोकांच्या दृष्टीने जन्मायलाच नको होती.

परंपरा सांगते की एकदा लोकांच्या अपमानाने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून त्यांना विनवले. जगाचे कठोर बोल सोसण्यातच संतपण आहे, राग सोडून दार उघडा, असा त्या ताटीच्या अभंगांचा भाव आहे. शेवटी ताटी उघडली.

या कथेचे दोन अर्थ आपल्या प्रश्नाला लागू पडतात. पहिला सर्वांच्या परिचयाचा आहे. दुखावलो म्हणून मनाचे दार कायमचे लावून घेऊ नये. दुसऱ्या अर्थाकडे आपले लक्ष कमी जाते. विठ्ठलपंतांविषयी बोललेले शब्द शेवटी मुलांच्या कानांवर पडले. आईवडिलांच्या निर्णयावर जग जे बोलते, ते मुले ऐकतात आणि आयुष्यभर बाळगतात. हा दुसरा अर्थ आपल्याला मूळ प्रश्नाकडे आणतो.

सौजन्याची किंमत कोण चुकवतो?

असा प्रश्न आला की आपण दोन प्रकारे चुकतो. पहिली चूक सर्वांना दिसते. आपण चिडून उत्तर देतो, समोरच्याच्या एकुलत्या एका मुलावर किंवा त्याच्या रिकाम्या घरावर उलट वार करतो. तेव्हा एका जखमेच्या दोन जखमा होतात.

दुसरी चूक मात्र सभ्यतेच्या वेशात येते. प्रश्नाने अवघडल्यासारखे होते, समोरच्याला हसवून वेळ निभवावी असे वाटते, म्हणून आपण म्हणतो, ‘काय करणार, झाली आता!’ किंवा धाकट्याकडे बोट दाखवून, ‘हा तर चुकूनच आला!’ सगळे हसतात. वातावरण हलके होते. कोणी दुखावले नाही असे वाटते. पण बोट धरून उभा असलेला तो पाच वर्षांचा मुलगा हसत नाही. आपण या घरात चुकून आलो आहोत, हे त्याला त्या दिवशी कळलेले असते.

वाचकहो, नम्रतेची खरी परीक्षा येथे आहे. विचारणाऱ्याला बरे वाटावे म्हणून आपण आपल्या मुलाचा मान खर्च करू लागलो, तर त्याला सौजन्य म्हणता येत नाही. ती भीड आहे, आणि तिची किंमत घरातील सर्वांत लहान जीव चुकवतो. शिष्यांनी मुलांना बाजूला सारले तेव्हा येशूने शिष्यांना थांबवले आणि मुलांना जवळ घेतले, असे शुभवर्तमानात येते. शिष्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना गुरूंना त्रास होऊ द्यायचा नव्हता. तरीही त्या वेळी मुलांना जवळ घेणे अधिक महत्त्वाचे होते.

म्हणून उत्तर देताना क्रम लक्षात ठेवावा. आधी मुलाचा मान, मग सत्य, मग समोरच्याचे मन. हे तिन्ही एका उत्तरात बसू शकतात.

वाणीचे तप कसे करावे?

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीच्या तपाची लक्षणे सांगितली आहेत. वाणी उद्वेग न करणारी, खरी, प्रिय आणि हितकर असावी. मृदू उत्तराचे सामर्थ्य बायबलमधील नीतिसूत्रांच्या ग्रंथानेही सांगितले आहे. रोजच्या बोलण्यात हे कसे उतरेल, ते पाहू.

‘वहिनी, चौथं? आजच्या काळात?’ असे कोणी विचारले, तर ‘हो काकू, चौथं. आशीर्वाद द्या,’ एवढे पुरते. यात सबब नाही, बचाव नाही, आणि काकूंना त्यांच्या वडीलकीची जागाही मिळते.

‘सांभाळणार कसं गं सगळं?’ या प्रश्नात काळजी असेल, तर ती स्वीकारावी. ‘कष्ट आहेतच, मावशी. कधी अडलं तर तुम्हालाच हाक मारीन.’ खरी काळजी असणारी मावशी पुढच्या आठवड्यात एक तास मूल सांभाळायला येईल. नुसती टीका करायची असेल, तर तिचा विषय तिथेच संपेल.

‘तुमच्यात ऑपरेशन चालत नाही ना?’ हा प्रश्न शयनघरापर्यंत जातो. त्याला माहिती देण्याचे बंधन आपल्यावर नाही. ‘ते आम्ही दोघांनी विचार करून ठरवलंय, ताई,’ असे म्हणून त्यांच्या घरची खुशाली विचारावी. सत्य बोलणे म्हणजे सर्व काही सांगणे नव्हे. गेल्या वर्षीचा गर्भपात, डॉक्टरांचा सल्ला, नवरा-बायकोतील बोलणे, हे कोणाला सांगायचे ते आपण ठरवायचे.

आणि मुले जवळ असतील, तर प्रश्न कोणताही असो, उत्तरात एक वाक्य जरूर असावे. ‘आम्हाला ही चारही हवी आहेत.’ ‘हवी होती’ असे म्हणताना एखाद्या आईला अडखळायला होईल, कारण सगळीच मुले ठरवून येत नाहीत. पण ‘हवी आहेत’ हे प्रत्येक मुलाबाबत आज खरे असू शकते. ते विचारणाऱ्याला सांगितले जाते आणि मुलाला ऐकू येते.

हे उत्तर नेहमी आईनेच द्यावे असेही नाही. असे प्रश्न बहुधा स्त्रीलाच विचारले जातात, जणू मुले तिच्या एकटीची आहेत. अशा वेळी जवळ उभ्या असलेल्या पतीने मोबाईलमध्ये डोके घालू नये. ‘आमची चौघं आहेत, आम्ही दोघेही खूश आहोत,’ हे त्याने म्हणावे. सासूबाईंनी म्हटले तर सोन्याहून पिवळे.

सोसणे म्हणजे शरण जाणे का?

येथे एक शंका येईल. असे मऊ उत्तर देत राहिलो, तर लोक बोलतच राहतील. त्यांना कधी थांबवायचे?

थांबवायचे असेल तर जरूर थांबवावे. एकच व्यक्ती वारंवार मुलांसमोर बोलत असेल, तर तिला एकटीला गाठून स्पष्ट सांगावे, ‘काकू, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मुलांसमोर हा विषय नको.’ दवाखान्यात, शाळेत किंवा कार्यालयात अपमानास्पद बोलणे झाले, तर तेथील वरिष्ठांकडे शांतपणे तक्रार करणेही योग्यच आहे. मुक्ताईने ताटी उघडायला सांगितली, भिंत पाडायला सांगितली नव्हती. दार असलेल्या घरात कोणाला आत घ्यायचे आणि कोणाशी अंगणातूनच बोलायचे, हे घरातील माणसे ठरवतात.

दुसरी शंका याहून सूक्ष्म आहे. टोमणे सोसता सोसता मोठ्या कुटुंबात एक अभिमान शिरू शकतो. ‘आम्ही त्यागी, बाकीचे स्वार्थी.’ मग आपणही एक मूल असलेल्या घराकडे त्याच नजरेने पाहू लागतो. त्या घरातील कहाणी आपल्याला ठाऊक नसते. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहाच दिवसांत गेले. वेळेवर वैद्यकीय मदत न मिळाल्याचे ते दुःख त्यांना अमेरिकेपर्यंत घेऊन गेले आणि 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या घरातील माणसे मोजणाऱ्याला त्या दहा दिवसांचा पत्ता कसा लागला असता?

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मूल नव्हते. दुसरे लग्न करण्याचा आग्रह जोतीरावांनी मानला नाही, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. 1863 मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. समाजाने टाकून दिलेल्या विधवांच्या बाळंतपणांसाठी ते घर उघडे होते. तेथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी 1874 मध्ये आपला मुलगा मानले. जगाच्या मोजणीत जे घर रिकामे होते, त्याच घरात कोणालाही नको असलेली बाळे जगली. अशा घराला आपण ‘तुम्हाला मुले किती?’ असे विचारले असते, तर काय उत्तर आले असते, याचा विचार करून पाहावा.

आपण विचारणारे असू तर

आतापर्यंत आपण ऐकणाऱ्याच्या बाजूने विचार केला. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून कधी ना कधी असा प्रश्न गेलेला असतो. पुढच्या वेळी तो ओठांवर आला, तर स्वतःला एवढेच विचारावे: हे जाणून मी काय करणार आहे? मदत करणार असेन, तर सरळ मदतीचे बोलावे. ‘शाळेतून मोठ्याला मी आणू का?’ ‘आज डबा आमच्याकडून घे.’ मदत करणार नसेन, तर मुलांची नावे विचारावीत. संख्या विचारली की आईला हिशेब द्यावा लागतो. नावे विचारली की तिचा चेहरा उजळतो आणि प्रत्येक मूल आपले नाव ऐकून पुढे येते.

या आठवड्याचा संकल्प

या सात दिवसांत तीन गोष्टींचा अभ्यास करू या. पहिली, कोणाच्याही घरातील मुलांच्या संख्येवर भाष्य करायचे नाही, चेष्टेतही नाही. दुसरी, आपल्याला असा प्रश्न आला, तर एक श्वास थांबून, हे कोण कोण ऐकत आहे ते पाहायचे आणि मगच बोलायचे. तिसरी, रात्री झोपण्यापूर्वी आपल्या प्रत्येक मुलाला, नाव घेऊन, ‘तू आम्हाला हवा आहेस’, ‘तू आम्हाला हवी आहेस’ असे सांगायचे. घरात मूल नसेल, तर हे वाक्य आईवडिलांना, जोडीदाराला किंवा शेजारच्या एकाकी आजोबांना सांगावे. त्यांनीही ते बऱ्याच वर्षांत ऐकलेले नसेल.